पाथर्डीची नुसती तंबाखू

पाथर्डीला माणसे जातात ती बहुधा देवासाठी. नवरात्रात मोहट्याच्या देवीला, होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या कानिफनाथाला, श्रावणात वृद्धेश्वराला, आणि भगवानगडाला तर वर्षभर. गर्भगिरीच्या डोंगरांनी या तालुक्यावर पाऊस पाडायचे काम फारसे मनावर घेतले नाही, पण देवांना मात्र मोकळ्या हाताने जागा दिली. मी गेल्या आश्विनात पाथर्डीला गेलो तो मात्र तंबाखूसाठी. हे कबूल करताना थोडी लाज वाटते. पण खोटे बोलून देवीचे नाव मध्ये घालण्यापेक्षा लाज बरी.

मी पाइप ओढतो. तारुण्यात ऐट म्हणून सुरू केला, पुढे सवय झाली, आणि आता डॉक्टरांनी दिवसाला एकावर आणून ठेवला आहे. तोही सोडा, असे ते दर भेटीत सांगतात आणि मी दर भेटीत मान डोलावतो. दिवसाला एकच ओढायचा म्हटल्यावर तो तरी मनासारखा असावा, असे वाटू लागले. बाजारात मिळणाऱ्या विलायती डब्यांतल्या तंबाखूला चेरीचा, व्हॅनिलाचा नाहीतर रमचा वास मारलेला असतो. डबा उघडला की तंबाखूच्या दुकानात आलो की केकच्या, ते कळत नाही. म्हणून मी स्वतःच मिश्रण करू लागलो.

मिश्रणाचे शास्त्र स्वयंपाकाच्या शास्त्राहून फार वेगळे नाही. एक तंबाखू पोटभरीची, तिच्या जोडीला दुसरी चवीची. भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेल्या व्हर्जिनियात साखर टिकून राहते, म्हणून ती गोडसर लागते. बर्ले नावाची अमेरिकन जात १८६४ साली ओहायो राज्यात सापडली; ती सावलीत हवेवर वाळते, तिच्यात साखर नावालाच असते, पण घालाल तो वास ती टिपकागदासारखी शोषून घेते. लाताकिया धुरावर वाळवतात. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातली पेरिक पिंपात दाबून कित्येक महिने मुरवतात. तिची चिमूट पुरते, मूठ झाली तर खोकला. या सगळ्या वास न मारलेल्या तंबाखू. त्यांतल्या काही एकट्या ओढण्यासाठी नसतातच. फोडणीतला हिंग कुणी नुसता खात नाही, तशातला प्रकार.

मला हवी होती ती अशीच एक देशी, उन्हात वाळलेली, कसलाही वास न लावलेली तंबाखू, व्हर्जिनियात मिसळायला. नगरचा एक स्नेही म्हणाला, "पाथर्डीत एक तांबोळी आहेत. त्यांच्याकडे नुसती तंबाखू मिळते. नुसती म्हणजे नुसती." तसे पाहिले तर महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, आणि पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुकानात नुसतीच तंबाखू उरायला हवी. प्रत्यक्षात काय उरले आहे ते कोणत्याही एस. टी. स्टँडच्या भिंती पाहाव्यात. त्या बोलक्या असतात आणि लाल असतात.

नगरहून, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरहून, पाथर्डी पन्नासएक किलोमीटर. कल्याणहून निघून थेट तेलंगणात निर्मळला जाणारा हा रस्ता. भिंगार मागे पडले की माळ सुरू होतो, करंजीचा घाट लागतो, मग तिसगावची जुनी वेस दिसते. पाऊस यंदा बरा होता. बाजरी निघाली होती, तूर फुलावर होती, कपाशीची बोंडे उकलत होती. पण रस्त्यावर नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत बाजले, पत्रे, चुलीची लोखंडी तिकटी, कोंबड्यांची डालगी, ज्वारी-बाजरीची पोती, आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या.

या तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. तरीही इथली हजारो माणसे दिवाळीच्या आगेमागे घर बंद करून कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात, दूरदूरच्या कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने करणारा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

तांबोळ्यांचे दुकान जुन्या पेठेत. दहा फूट रुंदीचे, लाकडी फळ्यांचे. पुढे पानांच्या करंड्या, मागे पोती. गादीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, पांढरी दाढी, समोर पितळी तराजू. गिऱ्हाइके त्यांना चाचा म्हणत होती, म्हणून मीही चाचाच म्हटले. मी पाइप काढून दाखवला आणि काय हवे ते सांगितले. त्यांनी पाइप हातात घेतला, उलटासुलटा केला, भांड्यात बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "ही तर आडवी केलेली चिलीमच की हो, साहेब!"

इतका नेमका अभिप्राय माझ्या पाइपावर आजवर कुणी दिला नव्हता.

चिलमीवरून गोष्ट निघाली ती लांबली. चाचांच्या वडलांच्या काळी मढीच्या यात्रेत दुकान लागायचे. मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. गाढवांचा बाजार भरायचा, जातपंचायती बसायच्या, आणि प्रत्येक पंचायतीच्या मध्यभागी चिलीम फिरायची. मातीची चिलीम, नळीत गारेचा खडा, तोंडाशी ओल्या फडक्याची छापी, आणि पेटवायला चकमक. "तेव्हाचं गिऱ्हाईक कडक होतं," चाचा म्हणाले. "पोत्यात हात घालायचं, वास घ्यायचं आणि न बोलता निघून जायचं. मग वडील दिवसभर जेवायचे नाहीत."

तंबाखू या मुलखाला आता परकी वाटत नाही, पण ती पाहुणीच. पोर्तुगीजांबरोबर ती दक्षिणेत आली, आणि उत्तरेला गेली ती दक्षिणेतूनच. असद बेग नावाच्या मोगल वकिलाने १६०४च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित नळी नेऊन अकबरापुढे ठेवली. बादशहाने झुरका घेतला. हकिमाने हरकत घेतली. जहांगिराने १६१७ साली बंदीचा हुकूम काढला. हकीम, बादशहा आणि बंदी, असा हा क्रम तेव्हापासून चालू आहे. तंबाखूही चालू आहे.

"पारख कशी करता?" मी विचारले.

चाचांनी मागच्या पोत्यातून पानांची एक जुडी काढली. ही निपाणीची, असे म्हणाले. निपाणी आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. भाषा मराठी, जमीन काळी आणि पीक विडीच्या तंबाखूचे. या पिकाचा शेंडा आणि फुटवे खुडतात, म्हणजे झाडाचे सारे बळ मोजक्या पानांत उतरते. कापलेले पान शेतातच उन्हात वाळते. याच पानाच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर बसले होते, आणि गोळीबारात शेतकरी मेले होते. हातातल्या जुडीला वजन असते ते असे.

पारख पाच प्रकारची. पहिली डोळ्याची. पान उजेडात धरायचे. हिरवट असेल तर कच्चे, काळे पडलेले असेल तर भिजून गेलेले. तपकिरी हवे, जाड हवे, अंगावर सुरकुत्या हव्यात आणि बारीक ठिपके हवेत. गुळगुळीत देखणे पान चाचांनी बाजूला सारले. "हे नुसतं दिसायला," म्हणाले.

दुसरी मुठीची. मूठभर जर्दा घेऊन घट्ट आवळायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर वजन वाढवायला पाणी मारलेले आहे. भुगा झाला तर पान वाळून मेलेले आहे. हळूहळू फुलून मोकळा झाला तर बरोबर.

तिसरी पाण्याची. पेलाभर पाण्यात चिमूट सोडून ढवळायची आणि थांबायचे. पान मातीवर वाळते, तेव्हा थोडी माती येणारच. पण तळाशी बोटभर रेती बसली तर ती कुणीतरी घातलेली आहे, आणि तिचा भाव तंबाखूचा घेतलेला आहे.

चौथी विस्तवाची. पानाचा तुकडा पेटवून फुंकर मारायची. निखारा सावकाश पुढे सरकत गेला आणि राख पांढरी पडली तर पान चांगले. पुन्हा पुन्हा विझले आणि राख काळी राहिली तर खाऱ्या पाण्यावर पोसलेले. हे मात्र मला पुस्तकातून ठाऊक होते: जमिनीतले क्लोराइड पानात उतरले की पान नीट जळत नाही, आणि पोटॅश असले की चांगले जळते. चाचांना क्लोराइड ठाऊक नव्हते आणि मला खारी विहीर ओळखता आली नसती. दोघांचे मिळून ज्ञान पुरे झाले.

"आणि पाचवी?"

"पाचवी नाकाची," असे म्हणून चाचा गप्प झाले. मग म्हणाले, "आधी तुमचं काम करू."

दुकानात ओढणे शक्य नव्हते. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, आणि चाचा स्वतः ओढत नाहीत, खातही नाहीत. मागच्या परसात लिंबाखाली बाज टाकलेली होती. तिथे बसून मी ठिपक्यांचे एक पान शिरा काढून चुरडले, पाइप सैल भरला आणि पेटवला.

अभिप्राय प्रामाणिकपणे देतो. वास हुरड्याच्या आगटीसारखा, कोरडा आणि स्वच्छ. गोडवा अजिबात नाही. जिभेला चटका बसला नाही. पण तिसऱ्या झुरक्याला घसा धरला, पाचव्याला उचकी लागली आणि आठव्याला कपाळावर घाम आला. विडीच्या तंबाखूत निकोटिन व्हर्जिनियापेक्षा कितीतरी जास्त असते, हे वाचणे वेगळे आणि रिकाम्या पोटी अनुभवणे वेगळे. चाचांनी न विचारता गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला. एकटी ओढायला ही तंबाखू निरुपयोगी. पण खिशातल्या पुडीतली व्हर्जिनिया आठ भाग आणि हिचा एक भाग असे करून, तासाभराने, दोनच झुरके घेऊन पाहिले, तेव्हा व्हर्जिनियाच्या गोड बोलण्याला जरा आवाज आला. मला हवे होते ते हेच. मी पावशेर मागितली. डॉक्टरांच्या हिशेबाने ती मला जन्मभर पुरेल.

पुडी बांधता बांधता चाचा म्हणाले, "साहेब, एक काम होतं. तुमचं नाक शाबूत आहे. माझं गेलं."

२०२१च्या साथीत त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पुष्कळांचा महिना-दोन महिन्यांत परतला, चाचांचा परतला नाही. पन्नास वर्षे ज्या नाकावर धंदा केला ते आता चष्मा ठेवण्यापुरते उरले होते. मुलगा पुण्यात मोबाइल दुरुस्त करतो. त्याला तंबाखूचा वासही आवडत नाही, आणि चाचांना त्याचे समाधानच आहे. दुकान चालले होते ते उरलेल्या चार पारखांवर आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या शब्दावर. यंदा मात्र जुना व्यापारी बसला, म्हणून एका नव्याकडून दोन पोती उधारीवर घेतली होती. टोळ्या निघायच्या आधीचे हे आठ दिवस म्हणजे वर्षाचा धंदा. कोयत्याचे माणूस सहा महिन्यांची तंबाखू इथूनच बांधून नेते. तिकडे कोपीवर मिळते ती महाग आणि अनोळखी. "मूठ पाहिली, पाणी पाहिलं, राख पाहिली," चाचा म्हणाले. "सगळं बरोबर आहे. तरी मन घेत नाही. तुम्ही जरा नाक लावा."

पोत्याचे तोंड सोडले. मी वाकलो. वरचा थर चांगला होता, आत्ताच ओढलेल्या पानासारखा. मी बाही सारून कोपरापर्यंत हात घातला, तळचा जर्दा वर काढला आणि हुंगला.

त्या क्षणी खोटे बोलावेसे वाटले, हे लिहून ठेवतो. समोर सत्तरीचा माणूस, उधारीची दोन पोती, दारात दिवाळी. मी कोण? संध्याकाळच्या गाडीने जाणारा पाहुणा. 'ठीक आहे' एवढे दोन शब्द पुरले असते. पण मुठीत आलेला वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा होता. ओल लागून आतून बुरशी धरलेली. वरचा थर नंतर वाळवून घातलेला.

"चाचा, खाली बुरा आहे," मी म्हटले.

दुसऱ्या पोत्याचे तेच. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली मूठ आपल्या नाकाशी नेली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि नुसती मान हलवली. त्यांना काहीच आले नव्हते.

तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आले. तिशीच्या आतला एक गडी, त्याची बायको, तिच्या कडेवर पोर. ट्रॅक्टर वेशीबाहेर उभा होता. त्याला चुन्याशी मळायला हवी होती आणि तिला मिसरीला. ती म्हणाली, "चाचा, दीड किलो द्या. मागल्या साली दोन महिने आधीच सरली. पहाटं तीनला थळात जायचं, मिसरी लावल्याबिगर हातपाय हलत न्हाईत."

दुकानात चांगली तंबाखू उरली होती ती जेमतेम पोत्याच्या तळाशी. चाचांनी तीच तोलली. एक किलो भरली. "एवढीच आहे, बाई," ते म्हणाले. ती मागच्या दोन भरल्या पोत्यांकडे पाहत म्हणाली, "आन् ती?"

"ती खराब आहे."

"आमाला चालंल. थोडी स्वस्त लावा."

"मला चालत नाही," चाचा म्हणाले आणि पुडी बांधली.

ती गेल्यावर मी विचारले, कारण विचारल्याखेरीज राहवेना, की चांगली तंबाखू तरी काय भले करते? १९५० साली डॉल आणि हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी धुराचे नाते आकड्यांनी दाखवले. विडी सिगारेटपेक्षा सौम्य हा समज खोटा ठरला. मिसरीने आणि मळलेल्या तंबाखूने तोंडे जातात ती आपण इस्पितळांत पाहतो. चाचांनी ऐकून घेतले. "माझा धाकटा भाऊ जबड्यानं गेला," ते म्हणाले. "याच गादीवर बसायचा. म्हणून मी पोराला इथं बसवलं नाही. पण ती बाई इथून नाही नेली तर दुसरीकडून नेईल. पहाटे तीनला जाणं सुटेल तेव्हा मिसरी सुटेल. तोवर मी देतो त्यात माती नको आणि बुरशी नको. यापुढं माझा हिशेब जात नाही."

माझ्या खिशातली पुडी एकाएकी जड झाली. तिला पहाटे तीनसाठी हवी होती. मला जेवणानंतरच्या आरामखुर्चीसाठी.

दोन पोत्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. परत घेईल असा व्यापारी दिसत नव्हता. तेव्हा शेजारच्या खतांच्या दुकानदाराने तोडगा सुचवला. तंबाखूचा काढा पिकावरच्या मावा किडीला मारतो, ही जुनी गोष्ट आहे. निकोटिन किड्यांना माणसांइतके आवडत नाही. बुरशीने त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. चार-सहा शेतकरी पोती वाटून नेतील, उधारी निम्मी तरी फिटेल. चाचा प्रथमच हसले. "म्हणजे चौकात पोरं मावा खातात, आणि माझी तंबाखू मावा मारणार!" नगर जिल्ह्यात चौकाचौकांत मळून मिळणाऱ्या त्या सुपारी-तंबाखूच्या पुडीलाही मावाच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे.

निघताना मी पैसे पुढे केले. चाचांनी पुडीचे घेतले, आणि मी हळूच वर ठेवलेली नोट परत केली. "नाकाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत," म्हणाले, "मग मी तरी कसले घेऊ?" वर आणखी विचारले, "पुढल्या वर्षी याल का? नवा माल दसऱ्याला येतो."

मी येतो म्हणालो.

परतीच्या गाडीत तिसगावापुढे आमच्या मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पोरे, पत्रे, कोंबड्या. अंधारात कुणाचे तोंड दिसत नव्हते. तो जोडा त्यात असेलही, नसेलही. करंजीच्या घाटात आमची गाडी पुढे गेली आणि त्यांचा दिवा मागे राहिला.

त्या पुडीतली तंबाखू अजून संपलेली नाही. रात्रीचा पाइप मी आता एक दिवसाआड ओढतो, आणि डॉक्टर ते आपल्या औषधाचे यश मानतात. दसऱ्याला मात्र पाथर्डीला जायचे आहे. ओढायला नव्हे, वास घ्यायला.